मधल्या मुखत्यारावाचून

मेहकर, जि. बुलढाणा
कोजागरीनंतरचा तिसरा दिवस

चि. ताईस,

महालक्ष्म्यांच्या सणास तू आली असताना आमच्या दूरदर्शन संचास ते नेटफ्लिक्सचे प्रकरण जोडून दिलेस, आणि निघताना ‘आजोबा, ही एक कोरियन मालिका पाहाच, मग मला सांगा’ असे बजावून गेलीस, त्याचा जबाब पाठविण्यास मला दीड महिना लागला. फोनवर तू दोनदा विचारलेस आणि दोन्ही वेळा मी ‘बरी आहे’ एवढ्यावर भागविले. ज्या माणसाने तहसील कचेरीत छत्तीस वर्षे इतरांच्या अर्जांवर शेरे मारण्यात घालविली, त्याला स्वतःचे मत तोंडी देणे जमत नाही. कागद पुढे ओढावाच लागतो.

कोरिया हे नाव माझ्या कानावर प्रथम पडले ते लढाईच्या संदर्भात. १९५३ साली मी नऊ वर्षांचा होतो. युद्धबंदीनंतर मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या सुमारे तेवीस हजार कैद्यांची राखण करण्याचे काम हिंदुस्थानच्या फौजेकडे आले, आणि त्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे मराठी गृहस्थ असल्यामुळे आमचे वडील ओट्यावर बसून त्या बातम्या आल्यागेल्यास मोठ्याने वाचून दाखवीत. काटेरी तारांचे कुंपण, हाडे गोठविणारी थंडी आणि घरी जायचे नाही म्हणणारी माणसे, अशी त्या देशाची जी मुद्रा माझ्या मनावर तेव्हा उमटली, ती पुढे सत्तर वर्षे कोणी पुसली नाही. त्याच देशातील एका तरुण दंतवैद्य स्त्रीचे उंची पादत्राण समुद्राची लाट वाहून नेते, आणि त्यातून सोळा भागांचे प्रेमप्रकरण उभे राहते, हे पाहण्यास मी बसलो तेव्हा माझी अवस्था जुन्या नकाशावर नवा रस्ता शोधणाऱ्या वाटसरूसारखी झाली होती.

‘होमटाउन चा-चा-चा’ ही मालिका तुला पाठ आहे, तरी आम्हांस ती कशी दिसली हे कळावे म्हणून थोडक्यात सांगतो. रुग्णांच्या गळ्यात नको ते उपचार बांधणाऱ्या वरिष्ठांशी बिनसल्यामुळे युन हे-जिन ही दंतवैद्य सोल शहर सोडते आणि गोंगजिन नावाच्या समुद्रकाठच्या गावी दवाखाना थाटते. हे गाव त्या देशाच्या कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. ते कल्पित आहे, आणि त्याचे चित्रण पोहांग या बंदराच्या परिसरात झाले आहे. गावात होंग दू-शिक नावाचा तरुण आहे. तो नळ दुरुस्त करतो, घरे दाखवितो, मासळी उतरवितो, कॉफी करतो आणि प्रत्येक कामाचे तासाला ८,७२० वॉन घेतो. २०२१ साली त्या देशात कायद्याने ठरलेली किमान मजुरी एवढीच होती. ही भूमिका किम सॉन-हो या नटाची, आणि दंतवैद्याची शिन मिन-आ हिची. पहिल्याच भागात तिचे कार्ड चालेनासे होते, जवळ रोकड नसते, आणि कॉफीच्या एका कपाच्या देण्यापोटी तिला गावच्या बायकांत बसून म्हाकूल, म्हणजे स्क्विड, साफ करावे लागतात. हा शब्द मला एका कोकणस्थ मामलेदारांमुळे ठाऊक. तुझ्या आजीस तो प्राणी दाखविल्यावर तिने तोंडावर पदर धरला, परंतु दृष्टी काढली नाही. कारण तिला तेथे म्हाकूल दिसतच नव्हते. चार बायका पाटावर बसून हाताने काम आणि तोंडाने गावाची झडती चालवीत आहेत, हे दृश्य तिच्या ओळखीचे होते. ‘बिबड्या घालायले बसल्या सारख्या,’ एवढाच तिचा शेरा.

या होंग गृहस्थास सर्व गाव नावाने न पुकारता ‘होंग बानजांग’ म्हणते. बान हा तेथील कारभारातला सर्वांत लहान घटक, आणि बानजांग त्या चार घरांचा पुढारी. आपल्याकडे ज्याप्रमाणे माणसाचे नाव मागे पडून ‘पाटील’, ‘कोतवाल’, ‘तलाठीभाऊ’ एवढेच उरते, तसाच हा प्रकार. माझ्यासारख्या महसुली माणसास त्यात फार गंमत वाटली. आमच्या कोतवालाकडेही दवंडी, समन्स, साहेबांच्या जीपला धक्का आणि बारशाच्या निमंत्रणापर्यंत सर्व कामे असत; फक्त तासाचा दर कोणी लावला नाही. मजुरीचा आकडा तोंडावर सांगून घेणे आणि तरीही गावाचा लाडका असणे, हे या माणसास साधते, आणि मला वाटते त्याचे निम्मे मोठेपण त्या निर्लोभ हिशेबीपणात आहे. १९७२ च्या दुष्काळात खडीकामावरचे हजेरीपट मी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. चार दिवसांपूर्वीपर्यंत ज्यांच्या दारी सालदार होते, ते शेतकरी खडी फोडून दिवसाची मजुरी घेताना अंगठा पुढे करीत आणि मान वळवीत. सोलच्या विद्यापीठात शिकलेला हा मुलगा तशीच मजुरी मान ताठ ठेवून घेतो, हे मी दोन-तीन भाग नुसते पाहतच राहिलो.

आता मूळ तक्रारीकडे येतो. ही मालिका आमच्या घरात इंग्रजीच्या मुखत्यारीने आली. मूळ मालक बोलतो कोरियन, आम्ही ऐकणारे मराठी, आणि मध्ये हा इंग्रजी अक्षरांचा मुखत्यार पडद्याच्या तळाशी उभा राहून दोन्ही बाजूंचे कागद चालवितो. मुखत्यारांचा मला अनुभव आहे. ते खोटे बोलतात असे नाही. पण मालकाच्या म्हणण्यातला जो भाग त्यांच्या नमुन्यात बसत नाही तो ते बिनदिक्कत गाळतात.

पहिल्या दोन भागांत ही दंतवैद्य बाई होंगवर वारंवार का चिडते, हे मला उमगेना. तो तर तिला मदतच करीत होता. अक्षरांत सर्वत्र ‘यू’ आणि ‘यू’. अखेर तुला फोन लावला तेव्हा तू सांगितलेस की हा मनुष्य लहानथोर, ओळखी-अनोळखी, सर्वांशी एकेरीत बोलतो, आणि कोरियन भाषेत एकेरी व आदरार्थी बोलण्याच्या पायऱ्या आपल्याहूनही अधिक काटेकोर असतात. म्हणून तिचा संताप. अग, मग हे सांगावयास इंग्रजीला अर्धी ओळ खर्चूनही जमले नसते आणि मराठीला एक अक्षर पुरले असते! ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्या मधली जी उंबरठ्याएवढी जागा आहे, तीतच ही सारी प्रेमकथा घडते. कोण कोणास केव्हा तू म्हणाले, कोणी रागाने पुन्हा तुम्हीवर गेले, हे आपल्या लेखी प्रेमपत्राइतके बोलके असते. वऱ्हाडात तर तू म्हणण्याचा संकोच आधीच कमी. पुण्याच्या माणसास आमचे एकेरी बोलणे प्रथम टोचते आणि वर्षभराने तो त्याचीच वाट पाहू लागतो. होंग हा मला त्या अर्थाने आमच्याच वऱ्हाडचा वाटला.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. कोरियन वाक्यात क्रियापद आपल्याप्रमाणेच शेवटी येते, आणि नामांस प्रत्ययही आपल्यासारखे मागून चिकटतात. त्यामुळे बोलणाऱ्यास वाक्य अर्ध्यात थांबविता येते, श्वास घेता येतो, घाबरता येते, आणि होकाराचे नकारात रूपांतर अगदी शेवटच्या शब्दावर करता येते. इंग्रजीत क्रियापद पुढे असते. परिणामी नायिकेचे ओठ अजून थरथरत असतात, कर्ता आणि कर्म यांचीच जुळवाजुळव चाललेली असते, आणि तळाशी निकाल जाहीर झालेला असतो! दहाव्या भागाच्या अखेरीस हे-जिन धावत येऊन आपले मन उघड करते. तिच्या तोंडचा शेवटचा शब्द यावयाच्या आधीच मी तो वाचून मोकळा झालो होतो, आणि वाचल्याबरोबर शहाणपणाने म्हणालोही, ‘तो तिला आवडतो म्हणते आहे.’ त्यावर तुझी आजी जे म्हणाली ते जसेच्या तसे लिहितो: ‘समजलं मले. तुमी गप ऱ्हा, तिले बोलू द्या.’

आजीस इंग्रजी येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. आरंभी मी एकेक ओळ तिला मराठीत करून सांगत असे. माझे भाषांतर पुरे होईतो पुढचे दोन प्रसंग निघून जात. चौथ्या भागानंतर तिने मला मनाई केली. तेव्हापासून ती अक्षरांवाचून पाहते, नुसते तोंडाकडे, हाताकडे, आवाजाच्या चढउताराकडे लक्ष ठेवून. आणि नम्रपणे कबूल करावयाचे तर तिला माझ्याआधी समजते. मुलाने बापास ‘आप्पा’ म्हणून हाक मारली की ती दचकून स्वयंपाकघराकडे पाहते, कारण आमच्या घरात आप्पा म्हणजे माझे वडील, आणि ते जाऊन चाळीस वर्षे झाली. तिकडे आईस ‘ओम्मा’ म्हणतात. प्रीतीची जी कबुली त्यांच्याकडे देतात तो शब्द ‘चोआहॅ’ असा काहीसा उच्चारला जातो. आजीस त्याच्या शेवटी चक्क आपला ‘आहे’ ऐकू येतो, आणि ‘आहे म्हणाली ना?’ असे विचारून ती खात्री करून घेते. होमर हल्बर्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कोरियन आणि द्राविडी भाषांच्या व्याकरणांची तुलना करणारे पुस्तकच लिहिले होते. ते नाते आजचे भाषाशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत, आणि मीही त्या भरीस पडत नाही. परंतु तुझ्या आजीपुढे हल्बर्टसाहेबांचा पक्ष मांडावयास वकील लागणार नाही.

तू म्हणशील, आजोबा, कथेबद्दल बोला. कथा मला नवी वाटली नाही, आणि हे मी दोष म्हणून सांगत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्रा’चे पहिले अंक रंगभूमीवर आणले तेव्हापासून महाराष्ट्रास हा मसाला ठाऊक आहे: मनातून एकमेकांचे झालेले दोघे, मध्ये गैरसमज, एक सज्जन किंवा दुर्जन दुसरा उमेदवार, आणि सर्व जाणून न जाणल्याचे सोंग आणणारा एखादा सूत्रधार. तेथे श्रीकृष्ण, येथे अख्खे गाव. फरक असा की या मालिकेतला दुसरा उमेदवार, एक दूरदर्शन-निर्माता, इतका भला माणूस आहे की त्याचे अपयश पाहून मला दोन दिवस वाईट वाटत होते.

आणि योगायोग पाहा. त्याच १८८२ साली आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुस्तक छापून निघाले. या बाई बुलढाण्यातील सरकारी कचेरीतल्या एका हेडक्लार्काच्या कन्या. म्हणजे आमच्याच बिरादरीच्या. आपल्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत स्त्रिया कशा रंगविल्या जातात, याची त्यांनी त्या पुस्तकात जी हजेरी घेतली आहे ती आजही वाचवत नाही, इतकी झोंबते. मालिका पाहताना मी अधूनमधून ताराबाईंना शेजारच्या खुर्चीवर बसवीत असे. कोरियन नायकांना नायिकेचे मनगट धरून तिला ओढत नेण्याची खोड फार, असे तू मागे म्हणाली होतीस. ते पाहून ताराबाईंनी संच बंद करविला असता. पण वरिष्ठाची लबाडी सहन न करता नोकरीवर पाणी सोडणारी, स्वतःच्या मिळकतीवर दवाखाना चालविणारी, आणि आवडलेल्या पुरुषास आधी स्वतः विचारणारी ही बाई त्यांना बहुधा पसंत पडली असती. किंमत मात्र त्यांनी विचारली असती: एवढ्या भागांत ही बाई सुंदर दिसण्याचे कामही अखंड करते, त्याची मजुरी तासाला किती?

माझा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. उच्चशिक्षित मुलगा शहर टाकून गावी येतो, मजुरी करतो, आणि राजधानीची दंतवैद्य त्याच्या प्रेमात पडते, हे पाहताना मला शेजारच्या मुलाची आठवण झाली. कृषिशास्त्रातली पदवी, सात एकर ओलीत, स्वभावाने सोने. गेली पाच वर्षे स्थळे पाहतो आहे. मुलीकडचे येतात, पोहे खातात, सातबारा पाहून मान डोलावतात आणि जाता जाता विचारतात, ‘पण नोकरी कुठं आहे?’ आमच्या अमडापूरच्या सदानंद देशमुखांनी ‘बारोमास’ कादंबरीत शिकून शेतीत अडकलेल्या तरुणाच्या संसाराची जी चाळण दाखविली, ती घरोघर आहे. आणि कोरियाची स्थिती याहून बरी असेल अशी माझी समजूत होती, तीही तूच मोडलीस. तेथील खेड्यांतले अविवाहित शेतकरी व्हिएतनामसारख्या देशांतून वधू आणू लागल्यास आता बरीच वर्षे झाली. २०२३ साली तेथील जननदर दर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली उतरला. बरीच गावे गोंगजिनसारखी म्हाताऱ्यांचीच उरली असणार. लग्ने होत नाहीत त्या देशाने लग्नाची इतकी गोड कथा रचावी, यात मला दुष्काळी वर्षातल्या पंगतीच्या गप्पांची चव लागते. तरीही शेजारच्या मुलास एक रात्र बोलावून पहिला भाग दाखविला. तो शेवटपर्यंत बसला, ‘काका, तासाचे ८,७२० म्हणजे आपले किती?’ असे विचारले, हिशेब केला, आणि काही न बोलता सोयाबीनच्या राखणीस निघून गेला.

आता आजीच्या दाढेचे. गावातल्या तीन म्हाताऱ्यांपैकी जी गाम-री आजी आहे, तिचे काम किम योंग-ओक या १९३७ साली जन्मलेल्या नटीने केले आहे. म्हणजे बाई माझ्याहून सात वर्षांनी वडील. तिची दाढ दुखते, म्हाकूल चावत नाही, आणि दंतवैद्याने खर्च सांगताच ती म्हणते की आता माझे दिवस ते किती उरले, एवढा पैसा तोंडात कशाला घालावयाचा. हे वाक्य मला वाचण्याची गरज पडली नाही. तीन वर्षे ते मी रोज जेवताना ऐकतो आहे, तेही शुद्ध वऱ्हाडीत. भाकरी वरणात कुस्करताना, भुईमुगाच्या शेंगा नातवंडांपुढे सारताना. दंतवैद्य तिच्यावर रागावते, होंग दंतवैद्यावर रागावतो, आणि अखेर म्हातारी दात बसवून घेते. तो प्रसंग चालू असता मी तळाकडे पाहिले नाही. तुझ्या आजीकडे पाहत होतो. ती पडद्याकडे पाहत उजव्या गालावर हात फिरवीत होती.

पंधरावा भाग आम्ही अमावास्येच्या सुमारास पाहिला. त्यात गाम-री आजी रात्री मैत्रिणींसोबत निजते आणि सकाळी उठत नाही. मी चष्मा पुसत असता तुझ्या आजीने उठून संच बंद केला, देवापाशी दिवा लावला आणि त्या रात्री जेवली नाही. परक्या देशातली, परक्या भाषेतली, समुद्राकाठची ती बाई तिच्या लेखी घाटाखालच्या एखाद्या मावसबहिणीप्रमाणे गेली होती. मी समजूत घालू लागलो की हे नाटक आहे, ती नटी हयात आहे. तेव्हा ‘ते मले बी समजते’ असे म्हणून ती माझ्याकडे अशी पाहती झाली की मी पुढचा मजकूर गिळला.

सोळावा भाग त्यामुळे शिल्लक आहे. आजीचे म्हणणे, ताई दिवाळीला आली की तिच्यासंगे पाहू. तेव्हा तू रजा आधी मंजूर करून घे, आणि येताना कोरियन बोललेले सरळ मराठीत करणारे कोणी तुझ्या ओळखीत असल्यास त्याचा पत्ता घेऊन ये. तू-तुम्हीचा तेवढा घोळ मिटला तर मी हे मुखत्यारपत्र रद्द करवून टाकतो.

बुलढाण्याच्या दंतवैद्यबाईंनी वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी अकराची वेळ दिली आहे. वेळ आजीने स्वतः फोन करून घेतली. मला दुसऱ्या दिवशी सांगितले.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझे
आजोबा